मिलवॉकीचे तीन सौदे

क्रिकेटच्या सामन्याआधीची नाणेफेक आपल्या परिचयाची आहे. नाणं पडतं, कर्णधार फलंदाजी किंवा गोलंदाजी घेतो, आणि संध्याकाळपर्यंत नाणेफेक कुणी जिंकली होती हे पुष्कळांच्या लक्षातही राहत नाही. आज मी ज्या नाणेफेकीविषयी सांगणार आहे, तिची आठवण मात्र पन्नास वर्षांनंतरही दोन शहरांमध्ये निघत होती.

ती झाली १९ मार्च १९६९ रोजी, न्यूयॉर्कमध्ये. नाणं उडवलं वॉल्टर केनेडी यांनी. एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचे ते आयुक्त. दोन संघांची माणसं टेलिफोनला कान लावून बसली होती. एक संघ फिनिक्स सन्स, दुसरा मिलवॉकी बक्स. दोन्ही संघ जेमतेम एका हंगामाचे, आणि दोन्ही तळाला गेलेले. फिनिक्सने ८२ पैकी १६ सामने जिंकले होते, मिलवॉकीने २७.

आपल्याकडे आयपीएलमध्ये खेळाडूंचा लिलाव होतो. अमेरिकेत नव्या खेळाडूंच्या बाबतीत तसं नाही. कॉलेजातून बाहेर पडणारे खेळाडू संघ पाळीपाळीने निवडतात, आणि जो कमजोर त्याची पाळी आधी. या पद्धतीला ते ‘ड्राफ्ट’ म्हणतात. त्या काळी लीगच्या दोन विभागांतले दोन तळाचे संघ पहिल्या पाळीसाठी नाणेफेक करत. फिनिक्सने आपल्या प्रेक्षकांचा कौल घेतला होता, त्यानुसार त्यांनी छापा मागितला. पडला काटा.

मिलवॉकीला मिळालेल्या तरुणाचं नाव लू ॲल्सिंडर. उंची सात फूट दोन इंच. लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठाला त्याने १९६७ ते १९६९ अशी सलग तीन वर्षं राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिलं होतं. पुढे १९७१ मध्ये त्याने करीम अब्दुल जब्बार हे नाव घेतलं आणि जग त्याला याच नावाने ओळखू लागलं.

असा खेळाडू हाती आला की संघाचं भाग्य उजळलं, असं आपल्याला वाटतं. ते अर्धंच खरं आहे. एक मोठा खेळाडू म्हणजे संघ नव्हे. त्याच्याभोवती कुणाला आणायचं, त्यासाठी कुणाला सोडायचं, आणि हे केव्हा करायचं, हा खरा प्रश्न तिथून पुढे सुरू होतो. मिलवॉकीने या प्रश्नाची उत्तरं तीन वेळा दिली: १९७० मध्ये, १९७५ मध्ये आणि २०२० मध्ये. ती शेजारी शेजारी ठेवली की खेळाडूंच्या अदलाबदलीचा अर्थच या काळात कसा पालटत गेला, ते दिसतं.

पहिला सौदा समजण्यासाठी गाव कसं आहे ते पाहू. मिलवॉकी हे मिशिगन सरोवराच्या काठचं, विस्कॉन्सिन राज्यातलं शहर. बिअरच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध. हिवाळा कडाक्याचा. न्यूयॉर्क किंवा लॉस एंजेलिससारखी झगमग तिथे नाही. अशा गावाकडे मोठा खेळाडू आपण होऊन येणं कठीण. म्हणून जो मिळाला आहे त्याचं सोनं करणं, हाच मार्ग.

ॲल्सिंडर येताच बक्सचे विजय २७ वरून थेट ५६ वर गेले. पहिल्याच हंगामात त्याची सरासरी सामन्यामागे २८.८ गुणांची. पण बाद फेरीत न्यूयॉर्क निक्सने त्यांना ४-१ असं हरवलं. इथे संघाच्या कारभाऱ्यांपुढे दोन वाटा होत्या. मुलगा बावीस-तेवीस वर्षांचा आहे, घाई कशाला, दरवर्षी एकेक तरुण निवडत सावकाश संघ उभारू, ही एक वाट. दुसरी वाट म्हणजे, आज नेमकं काय कमी आहे ते ओळखायचं आणि हातचं काही देऊन ते आणायचं.

कमी काय होतं? गुण करणारे होते. फ्लिन रॉबिन्सन हा त्यांचा रक्षक त्या हंगामात सामन्यामागे २१.८ गुण करत होता आणि १९७० च्या ऑल-स्टार सामन्यासाठी निवडला गेला होता. पण खेळाची घडी बसवणारा, उंच ॲल्सिंडरच्या हाती योग्य वेळी योग्य जागी चेंडू देणारा, आणि सामना घसरू लागला की सगळ्यांना सावरणारा अनुभवी माणूस नव्हता.

तो माणूस होता सिनसिनाटीत. ऑस्कर रॉबर्टसन, वय एकतीस. १९६१-६२ च्या हंगामात त्याने सामन्यामागे ३०.८ गुण, १२.५ रिबाउंड आणि ११.४ असिस्ट अशी सरासरी राखली होती. गुण, रिबाउंड आणि असिस्ट या तिन्हींत संपूर्ण हंगामाची सरासरी दोन आकड्यांत नेणारा एनबीएतला तो पहिला खेळाडू. पुढची पंचावन्न वर्षं दुसऱ्या कुणालाही हे जमलं नाही. पण दहा वर्षं खेळूनही त्याच्या नावावर एकही विजेतेपद नव्हतं. सिनसिनाटीचा संघ तर सलग तीन हंगाम बाद फेरीतही पोचला नव्हता.

एप्रिल १९७० मध्ये सौदा झाला. मिलवॉकीने फ्लिन रॉबिन्सन आणि चार्ली पॉक हे दोघे दिले, रॉबर्टसन घेतला. पॉक हा बक्सने १९६८ मध्ये ड्राफ्टमध्ये निवडलेला पहिलावहिला खेळाडू. म्हणजे गुणांची रास घालणारा एक फॉर्मातला खेळाडू आणि एक उद्याची आशा देऊन एक उतरणीला लागलेला थोर खेळाडू आणला. कागदावर हा व्यवहार आतबट्ट्याचा दिसतो. त्यातलं शहाणपण असं, की बक्सने ‘कोण जास्त चांगला’ एवढंच विचारलं नाही, तर ‘आमच्या मुलाला कोण हवा’ हे विचारलं. गुण करायला ॲल्सिंडर होताच. रॉबिन्सनचे एकवीस गुण त्यामुळे सोडण्यासारखे होते. रॉबर्टसनची नजर सोडण्यासारखी नव्हती.

त्याच वर्षी सिॲटलबरोबर आणखी एक छोटी अदलाबदल करून बक्सने ल्युशियस ॲलन आणि बॉब बूझर यांना आणलं. ॲलन हा ॲल्सिंडरचा कॉलेजातला जोडीदार. बॉब डँड्रिज हा तरुण तर त्यांनी १९६९ च्या ड्राफ्टमध्ये चौथ्या फेरीतून उचललेला. घर असं एकेक वीट जोडत उभं राहिलं.

निकाल लागायला वर्षही लागलं नाही. १९७०-७१ मध्ये बक्सने ८२ पैकी ६६ सामने जिंकले, त्यांतले वीस सलग. रॉबर्टसनची स्वतःची सरासरी २५.३ वरून १९.४ गुणांवर आली आणि त्याला त्याचं काही वाटलं नाही. ॲल्सिंडरची ३१.७ वर गेली. अंतिम फेरीत बाल्टिमोर बुलेट्सचा ४-० असा फडशा पडला. शेवटच्या सामन्यात सर्वांत जास्त, तीस गुण केले ते रॉबर्टसनने. स्थापनेपासून तिसऱ्याच हंगामात बक्स विजेते झाले.

इथे गोष्ट संपवली तर ती केवळ चतुर व्यवहाराची गोष्ट ठरेल. पण ज्यांचा व्यवहार झाला ती माणसं होती, आणि या व्यवहाराला एक दुसरी बाजू आहे.

त्या काळी एनबीएतल्या खेळाडूच्या करारात एक कलम असे. त्याच्या जोरावर करार संपला तरी संघाचा त्याच्यावरचा हक्क संपत नसे. खेळाडूने जायचं कुठे, हे तो ठरवू शकत नसे. संघ मात्र त्याला केव्हाही दुसऱ्या गावी पाठवू शके. सकाळी फोन येई आणि बायकामुलांसह बिऱ्हाड हलवावं लागे. रॉबर्टसन अपवाद होता, कारण त्याने आपल्या करारात स्वतःच्या संमतीशिवाय अदलाबदल होणार नाही अशी अट घालून घेतली होती. १९७० च्या सुरुवातीला सिनसिनाटीने त्याला बाल्टिमोरला धाडायचं ठरवलं, तेव्हा याच अटीच्या बळावर त्याने नकार दिला. मिलवॉकीला तो गेला तो स्वतःच्या होकाराने. त्या वेळी सिनसिनाटीचा प्रशिक्षक होता बॉब कूझी, ज्याने १९५४ मध्ये खेळाडूंची संघटना स्थापन केली होती. आणि १९६५ पासून त्या संघटनेचा अध्यक्ष होता खुद्द ऑस्कर रॉबर्टसन.

ज्या महिन्यात रॉबर्टसनचा सौदा झाला, त्याच एप्रिल १९७० मध्ये संघटनेने एनबीएविरुद्ध न्यायालयात दावा दाखल केला. दाव्याला नाव त्याचंच: रॉबर्टसन विरुद्ध एनबीए. म्हणजे हा माणूस हिवाळाभर मिलवॉकीसाठी मैदानात लढत होता, आणि त्याच वेळी मिलवॉकीसह लीगच्या सगळ्या मालकांविरुद्ध न्यायालयात. हा दावा पुढे न्यायमूर्ती रॉबर्ट कार्टर यांच्यापुढे चालला. अमेरिकेतल्या शाळांमधला वर्णभेद ज्या खटल्याने बेकायदा ठरला, त्या १९५४ च्या खटल्यात काळ्या मुलांच्या बाजूने उभ्या राहिलेल्या वकिलांपैकी ते एक होते.

आता दुसऱ्या सौद्याकडे येऊ. १९७४ मध्ये बक्स पुन्हा अंतिम फेरीत पोचले आणि बोस्टन सेल्टिक्सकडून सातव्या सामन्यात, आपल्याच गावात हरले. त्यानंतर रॉबर्टसन निवृत्त झाला. त्याची जागा घेणारा कुणी तयार केलेला नव्हता. वयस्क खेळाडू आणून लगेच जिंकण्याच्या धोरणाची ही किंमत. पुढच्या हंगामात बक्सला ८२ पैकी फक्त ३८ सामने जिंकता आले.

पण खरा धक्का त्याआधीच बसला होता. १९७४ च्या शरदात करीमने संघाला सांगितलं होतं की मला इथून जाऊ द्या, न्यूयॉर्कला नाहीतर लॉस एंजेलिसला. त्याची गावाबद्दल तक्रार नव्हती, प्रेक्षकांबद्दल तर नव्हतीच. पण तो न्यूयॉर्कमध्ये वाढलेला, इस्लाम स्वीकारलेला, जॅझ संगीताचा शौकीन तरुण. मिलवॉकीत आपल्यासारखी माणसं, आपलं वातावरण त्याला सापडत नव्हतं. पाच वर्षं त्याच्याभोवती उत्तम संघ उभा केला गेला. त्याला तिथे घर मात्र वाटलं नाही.

हे ऐकून घेणारे व्यवस्थापक होते वेन एम्ब्री. सिनसिनाटीत रॉबर्टसनचे सहकारी, बक्सच्या पहिल्या हंगामातले खेळाडू, आणि १९७२ पासून एनबीएतले पहिले कृष्णवर्णीय सरव्यवस्थापक. एबीए ही प्रतिस्पर्धी लीग अजून उभी होती. करीमला अडवून धरलं आणि तो तसाच हातातून गेला, तर बदल्यात काहीच मिळणार नाही, ही भीती होती. तेव्हा जून १९७५ मध्ये एम्ब्रींनी त्याला लॉस एंजेलिस लेकर्सला दिलं. बदल्यात एल्मोर स्मिथ, ब्रायन विंटर्स, आणि त्याच वर्षी कॉलेजातून आलेले डेव्ह मायर्स व ज्युनियर ब्रिजमन असे चौघे घेतले.

या सौद्यात कोण जिंकलं? लेकर्स, हे उघड आहे. करीमने तिथे १९८० ते १९८८ या काळात पाच विजेतेपदं मिळवली. पण एम्ब्रींनी मागितलेल्या मालाकडे पाहा. एकाच्या जागी एक प्रसिद्ध नाव त्यांनी मागितलं नाही, चौघे मागितले आणि त्यांतले बहुतेक तरुण. विंटर्स आणि ब्रिजमन यांनी इतकी वर्षं इमानाने खेळ केला की पुढे बक्सने दोघांच्याही जर्सीचे क्रमांक कायमचे राखून ठेवले. १९८० ते १९८६ अशी सलग सात वर्षं बक्स आपल्या विभागात पहिले आले. विजेतेपद मिळालं नाही, पण संघ बुडालाही नाही. घर विकायचीच वेळ आली तर निदान जमीन तरी घ्यावी, तसं हे झालं.

दरम्यान, १९७६ च्या सुरुवातीला रॉबर्टसनच्या दाव्यात तडजोड झाली. खेळाडूला जन्मभर बांधून ठेवणारं ते कलम गेलं. पूर्ण मोकळीक एका दिवसात आली नाही. ती टप्प्याटप्प्याने आली, आणि करार संपलेल्या ज्येष्ठ खेळाडूंना हव्या त्या संघात विनाअट जाण्याची मुभा १९८८ मध्ये मिळाली. पण दिशा बदलली ती इथे.

आणखी एक नियम सांगायला हवा. ड्राफ्टमधली पुढच्या वर्षांची पाळीही संघाला सौद्यात देता येते. म्हणजे उभं पीक नव्हे, पुढच्या हंगामाचं पीक गहाण टाकण्यासारखं. क्लीव्हलँडने १९८० च्या सुमारास या पाळ्या अशा सढळ हाताने वाटल्या, की १९८२ च्या ड्राफ्टमधली पहिली पाळी, जी क्लीव्हलँडची असायची, ती लेकर्सच्या हाती होती. त्यातून लेकर्सला जेम्स वर्दी मिळाला. शेवटी लीगने नियम केला की पुढच्या लागोपाठच्या दोन वर्षांतल्या पहिल्या फेरीच्या पाळ्या कुणालाही विकून टाकता येणार नाहीत. मालकाला त्याच्याच घाईपासून वाचवणारा हा नियम आहे.

आता तिसरा सौदा. २०१३ मध्ये मिलवॉकीने ड्राफ्टमध्ये पंधराव्या पाळीला एक अठरा वर्षांचा हडकुळा मुलगा निवडला. यानिस आंतेतोकुंपो. अथेन्समध्ये जन्मलेला, आईवडील नायजेरियाचे. त्याच उन्हाळ्यात डेट्रॉइटबरोबर रक्षकांची एक अदलाबदल झाली, आणि तिच्यात ख्रिस मिडलटन नावाचा, कुणाच्या खिजगणतीत नसलेला खेळाडू बरोबर आला. पुढे यानिसचा सर्वांत विश्वासू जोडीदार झाला तो हाच. या वेळी बक्सने वाट पाहिली. पहिल्या हंगामात फक्त १५ विजय मिळाले, तरी धीर सोडला नाही.

२०१९ आणि २०२० अशी दोन वर्षं यानिस लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. पण २०१९ मध्ये टोरांटोने आणि २०२० मध्ये मायामीने बक्सला बाद फेरीत रोखलं. आता पेच १९७० सारखाच, पण त्यात एक मोठा फरक होता. यानिसचा करार संपत आला होता. नवा करार करायचा की मोकळं होऊन दुसरीकडे जायचं, हे ठरवण्याचा हक्क त्याचा होता. तो हक्क रॉबर्टसनच्या लढ्यातून आलेला.

म्हणून नोव्हेंबर २०२० मध्ये मिलवॉकीने न्यू ऑर्लिन्सकडून ज्रू हॉलिडे याला घेतलं ते जबर किंमत मोजून. एरिक ब्लेडसो आणि जॉर्ज हिल हे दोन खेळाडू, पहिल्या फेरीच्या तीन पाळ्या, आणि आणखी दोन वर्षांच्या पाळ्यांची अदलाबदल करण्याचा हक्क. पुष्कळांना हे फार वाटलं. पण हा सौदा फक्त प्रतिस्पर्ध्यांना हरवण्यासाठी नव्हता. आम्ही तुझ्यासाठी आमचा उद्या पणाला लावतो, हे आपल्याच खेळाडूला सांगण्यासाठी होता. डिसेंबरात यानिसने पाच वर्षांच्या नव्या करारावर सही केली.

२० जुलै २०२१ रोजी मिलवॉकीने दुसरं विजेतेपद जिंकलं, पहिल्यानंतर बरोबर पन्नास वर्षांनी. शेवटच्या सामन्यात एकट्या यानिसचे गुण पन्नास. समोरचा संघ कोण होता? फिनिक्स सन्स. तेच, ज्यांनी १९६९ मध्ये छापा मागितला होता.

श्रोतेहो, पहिल्या आणि तिसऱ्या सौद्यात डावपेच एकच आहे: आपल्या मोठ्या खेळाडूला काय कमी पडतं ते ओळखा आणि जे सोडवेल ते देऊन ते आणा. पण १९७० मध्ये ॲल्सिंडरला काय हवं हे बास्केटबॉलपुरतं पाहिलं गेलं. त्याला या गावात राहायचं आहे का, हे विचारण्याची मालकांना गरज वाटली नाही, कारण कायदा त्यांच्या बाजूचा होता. २०२० मध्ये हाच पहिला प्रश्न झाला. खेळाडू मोकळे झाले तर लहान गावं उजाड होतील, अशी भीती मालक घालत. मिलवॉकीचा अनुभव उलट आहे. बांधलेला करीम गेला, मोकळ्या यानिसने सही केली.

याचा अर्थ पुढे सगळं गोड झालं असा नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये आणखी मोठं नाव हवं म्हणून मिलवॉकीने डेमियन लिलार्डला आणलं आणि त्यासाठी ज्रू हॉलिडेला सोडलं. हॉलिडे काही दिवसांतच बोस्टनला पोचला आणि २०२४ मध्ये बोस्टनबरोबर विजेता झाला. बक्स मात्र २०२४ आणि २०२५ मध्ये पहिल्याच फेरीत बाहेर पडले. २०२५ च्या उन्हाळ्यात, लिलार्ड पायाच्या गंभीर दुखापतीतून उठतही नव्हता, तेव्हा संघाने त्याचा करार मोडून त्याला मोकळं केलं. १९७० मध्ये दिलेल्या फ्लिन रॉबिन्सनचंही हॉलिडेसारखंच झालं होतं. १९७२ मध्ये तो लेकर्सकडून विजेता झाला, आणि त्या वर्षी लेकर्सने बाद फेरीत हरवलं ते मिलवॉकीलाच. सोडलेल्या माणसाची किंमत अशी नंतर कळते.

शेवटी ज्युनियर ब्रिजमनविषयी. १९७५ च्या त्या ड्राफ्टमध्ये त्याला लेकर्सने निवडलं, आणि त्यांच्याकडून एकही सामना खेळण्याआधी त्याची रवानगी मिलवॉकीला झाली. करीमच्या बदल्यात आलेल्या चौघांतला एक, एवढीच त्याची ओळख. बहुतेक सामन्यांत तो राखीव म्हणून उतरे. तसे सातशेहून अधिक सामने तो बक्सकडून खेळला. निवृत्तीनंतर उपाहारगृहांच्या धंद्यात त्याने मोठं यश मिळवलं. सप्टेंबर २०२४ मध्ये त्याने मिलवॉकी बक्सचा दहा टक्के हिस्सा विकत घेतला. मार्च २०२५ मध्ये तो वारला. ज्या संघाने त्याला सौद्यात घेतलं होतं, त्या संघाच्या मालकांपैकी एक म्हणून.